फोटो कोणी काढला

सेऊलपासून पाच तासांवरच्या आमच्या वोलगोक गावात माणसाचा एकट्याचा फोटो आयुष्यात दोनदाच काढतात. एकदा ओळखपत्रासाठी, आणि दुसऱ्यांदा म्हातारपणी, हातपाय धड असतानाच, पुढेमागे अंत्यविधीत फुलांच्या मधोमध ठेवायला. या दुसऱ्या फोटोसाठी तालुक्याहून फोटोवाला येतो. त्याच्याकडे एकच काळा कोट असतो. तो सगळे म्हातारे आळीपाळीनं घालतात, त्यामुळे गेल्या तीस वर्षांत गावात मेलेली सगळी माणसं एकाच मापाची दिसतात. बाकीचे फोटो घोळक्यानं. शरदात लाल पानं बघायला गावाची बस डोंगरात जाते, तेव्हाच्या फोटोत डोंगर शोधावा लागतो.

मी जर्मनीहून पहिला फोटो पाठवला तो १९९६च्या नोव्हेंबरात. मागे कोलोनचं कॅथेड्रल, पुढे मी. एकटी. आईच्या दृष्टीनं यात दोनच शक्यता होत्या, आणि ओळखपत्रासाठी कुणी कॅथेड्रलपुढे उभं राहत नाही.

मी मारबुर्गला जुन्या जर्मन कायद्याचा इतिहास शिकायला गेले होते. या विषयाचा आमच्या लसणाच्या गावात काही उपयोग नव्हता; जर्मनीतही नाही, हे पुढे कळलं. तरी गावाच्या वेशीवर माझ्या अभिनंदनाचा फलक लागला होता आणि सरपंच प्यो यांनी सलग तीन दिवस सकाळी सहाला भोंग्यावरून माझं नाव घेतलं होतं. आईनं मात्र एकच अट घातली. बसथांब्यावर माझ्या मफलरची गाठ तिसऱ्यांदा सोडून बांधत ती म्हणाली, "मिरान, एकटी जेवायचं नाही. एकटीनं जेवायची वेळ आली तर शिक्षण गेलं खड्ड्यात. गिसोपला पाठवीन, तो घेऊन येईल."

गिसोप माझा भाऊ. तो आज्ञाधारक आहे. पाठवला असता तर खरंच आला असता आणि मला पिशवीसारखं उचलून घेऊन गेला असता.

आईच्या अटीमागे माझी मावशी होती. ती तरुणपणी सेऊलला केसांच्या टोपांच्या कारखान्यात कामाला गेली, दोन वर्षं एका खोलीत एकटी राहिली, एकटी जेवली, आणि परत आली ती माणसांशी बोलायचं विसरून. मरेपर्यंत ती फक्त कोंबड्यांशी बोलायची. कोंबड्यांशी मात्र मोकळेपणानं बोलायची. आई म्हणायची, "ती सेऊलला बिघडली नाही, ताटावर बिघडली."

तर मी मारबुर्गला पोचले आणि दुसऱ्या दिवसापासून एकटी जेवायला लागले.

यात कुणाचा दोष नव्हता. वसतिगृहाच्या मजल्यावर आठ जणांत एक स्वयंपाकघर होतं. फ्रीजमध्ये प्रत्येकाचा कप्पा, कपाटात प्रत्येकाचं एक पातेलं, पातेल्यावर नावाची चिठ्ठी. लोक सज्जन होते. समोर आले की 'हॅलो' म्हणायचे, ब्रेडला लोणी लावायचे आणि आपापल्या खोलीत न्यायचे. एकाच भांड्यात आठ चमचे घालून जेवायची सवय असलेल्या मुलीनं ताटावरून डोळे वर करून बघावं, तर समोर फ्रीज.

रविवार सगळ्यात वाईट. दुकानं बंद, वाचनालय बंद, मजल्यावरचे सगळे आपापल्या आयांकडे. म्हणून मी प्रवास सुरू केला. लोकांना वाटतं, परदेशी शिकणारी मुलं प्रेक्षणीय स्थळं बघायला फिरतात. मी रविवार संपवायला फिरत होते. स्थळं मध्ये येत होती.

तेव्हा तिकडे शनिवार-रविवारचं एक स्वस्त तिकीट मिळायचं. सगळ्यात हळू गाड्यांनी देशभर कुठंही जा, आणि एका तिकिटावर पाच जण. एकट्याला काढलं तरी पाच जणांचंच. मी पाच जणांच्या तिकिटावर चार वर्षं जर्मनी बघितली. तपासनीस यायचा, तिकीट बघायचा, मला बघायचा, मग शेजारच्या रिकाम्या चार जागा बघायचा. भोक पाडून निघून जायचा.

आईला फोटो हवे होते. कॅमेरा गिसोपचा होता. कुणाला तरी 'जरा फोटो काढता का' म्हणून विचारायला हवं होतं, पण माझी जर्मन भाषा तेव्हा विचित्र होती. सोळाव्या शतकातल्या वारसाहक्काबद्दल मी वीस मिनिटं बोलू शकले असते. रस्त्यावरच्या माणसाला थांबवायला मात्र तोंड उघडायचं नाही. कॅमेऱ्याला एक कळ होती. ती दाबली की तांबडा दिवा दहा सेकंद लुकलुकायचा आणि मग फोटो आपोआप निघायचा. कॅमेरा कशावर तरी ठेवायचा, कळ दाबायची, पळत जाऊन उभं राहायचं. कोलोनला मी तो कचऱ्याच्या डब्यावर ठेवला.

फोन रविवारी दुपारी, म्हणजे गावात रात्रीच्या जेवणानंतर. चावडीतल्या फोनवर. खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर सगळ्या बायका बसलेल्या असायच्या.

"जेवलीस?" आई म्हणाली.

"जेवले."

"कुणाबरोबर?"

"मैत्रिणींबरोबर."

"फोटो मिळाला." मग आईचा आवाज बारीक झाला. "मिरान, फोटो कोणी काढला?"

कोलोन नगरपालिकेच्या कचऱ्याच्या डब्यानं. हे खरं उत्तर होतं, आणि ते दिलं असतं तर पुढच्या आठवड्यात गिसोप दारात होता.

"आहे एक ओळखीचा," मी म्हणाले.

आईच्या मागे अकरा बायकांनी एकदम श्वास रोखल्याचं तारेत ऐकू आलं.

"आपल्याकडचा की तिकडचा?"

"तिकडचा." यात तरी काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सरपंचांनी भोंग्यावरून सांगितलं म्हणे, की बांग घराण्यातल्या मिरानचा फोटो आला आहे, पाहू इच्छिणाऱ्यांनी हात धुऊन चावडीत यावं, आणि मिरान एकटी नाही.

मग मी सुटलेच. हायडेलबर्ग, किल्ल्यासमोर बाकाच्या पाठीवरून. उल्म, मनोऱ्यासमोर सायकलस्टँडवरून. ल्युबेक, दरवाज्यासमोर फुलांच्या कुंडीवरून. त्या फोटोत माझ्या गुडघ्यांपुढे जिरेनियमचं एक पान आहे. दरवेळी कळ दाबायची, पळायचं, वळायचं, दम लागलेला लपवायचा आणि दहा सेकंद पुरे होईपर्यंत कुणाचं तरी असल्यासारखं हसायचं. शेजारून आठ-दहा जणांचे घोळके जायचे, एकमेकांचे फोटो काढत. ते जाईपर्यंत मी कुंडीकडे बघत उभी राहायचे.

जानेवारीत आई म्हणाली, "एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"तो ठेंगणा आहे का गं?"

"कोण?"

"कोण म्हणजे? फोटो काढणारा. सुंचोनवालीनं सगळे फोटो ओळीनं मांडले. तिच्या नवऱ्याचा सुंचोनला फोटोस्टुडिओ होता, तिला कळतं. सगळ्या फोटोंत तुझ्या नाकपुड्या दिसतात. ती म्हणते, माणूस कमरेच्या वर आहे, खांद्याच्या खाली."

मागून सुंचोनवालीचा आवाज आला, "लहान मुलगा नाहीये ना, ते विचार!"

"लहान मुलगा नाही," मी म्हणाले. "अंगानंच लहान आहे."

"अगं, असू दे, असू दे," आई घाईनं म्हणाली. "तुझे वडील तरी कुठं मोठे होते? पितो का?"

"नाही!"

"मग उल्मचा मनोरा वाकडा का आलाय?"

"सायकलस्टँड... जमीन उतरती होती तिथं."

"हं. थोडी पीत असेल तर चालेल. थंडी आहे तिकडं."

त्या आठवड्यात भोंग्यावरून जाहीर झालं की फोटो काढणारा इसम उंचीनं कमी असला तरी स्वभावानं चांगला दिसतो.

मार्चमध्ये पार्सल आलं. समुद्री शेवाळ, मिरचीची पेस्ट, सुकवलेले मासे, विणलेले पायमोजे दोन जोड. त्यातला एक जोड माझ्या मनगटाला झाला असता. आणि तळाला, कापडात गुंडाळलेली पत्र्याची लांबट डबी. आत स्टीलचा चमचा आणि खायच्या दोन काड्या. माझ्या होत्या त्यापेक्षा चार बोटं आखूड.

आमच्याकडे प्रत्येकाचा चमचा वेगळा असतो. पाहुण्याला पाहुण्याचा चमचा देतात. ज्याला स्वतःचा चमचा मिळाला, तो घरचा झाला. माझ्या वहिनीला तो लग्नानंतर चार महिन्यांनी मिळाला होता. कचऱ्याच्या डब्याला चौथ्या महिन्यात, लग्नाशिवाय.

मी तो चमचा खणात टाकला. दोन दिवसांनी काढून टेबलावर ठेवला. आईनं एवढं पाठवलंय आणि ते खणात, हे बरं दिसेना. मग जेवताना तो समोर मांडायची सवय लागली. त्यानंतर कधीतरी मी त्याच्या बाजूला उशी असलेली खुर्ची ठेवली, कारण एवढ्या उंचीच्या माणसाला टेबल उंच पडलं असतं. बोलत मात्र नव्हते मी. मावशी आठवायची. मी ठरवलं होतं, जोवर बोलत नाही तोवर ठीक आहे.

एप्रिलमध्ये मी ब्रेमेनला गेले. हळू गाड्यांनी सहा तास, चार ठिकाणी बदलून. कासेलच्या फलाटावर एक प्रचंड उंच माणूस माझ्याजवळ आला. दोन मीटर तरी असेल. असं तिकडे चालायचं. तिकिटावर जागा शिल्लक असली की अनोळखी लोक येऊन विचारायचे.

"ब्रेमेनला चाललात का? तिकिटात जागा आहे?"

"चार आहेत," मी म्हणाले.

"मला एक पुरे."

त्याचं नाव हेनिंग. तो आजीला भेटायला निघाला होता. पाच तास माझ्यासमोर बसून त्यानं सफरचंदं खाल्ली. मलाही एक दिलं. माझ्या हिशेबानं ते जर्मनीतलं माझं पहिलं कुणाबरोबर तरी झालेलं जेवण. मी ते बियांसकट खाल्लं.

"काय शिकता?"

"सोळाव्या शतकातला वारसाहक्क."

"अरे वा. आमच्या आजीला भेटायला हवं तुम्ही. तिचा भावाशी अजून वाद चालू आहे."

मी हसले. बऱ्याच दिवसांनी खरं हसले की गाल दुखतात.

ब्रेमेनच्या चौकात गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा एकावर एक उभे असलेला पुतळा आहे. हेनिंगचा रस्ता तिथूनच जात होता. माझं लक्ष आजूबाजूला योग्य उंचीचं काही सापडतंय का याकडे होतं. तेवढ्यात तोच म्हणाला, "द्या, फोटो काढतो. तिकिटाचे उपकार."

त्यानं काढला. कॅमेरा परत देताना म्हणाला, "एकट्याच फिरता?"

"नाही," मी म्हणाले. "माझ्याबरोबरचा जरा मागे राहिलाय."

का म्हणाले, ठाऊक नाही. सवय. हेनिंगनं माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं, गर्दीत, स्वतःच्या उंचीवर शोधलं. "मग मी अडकवून ठेवत नाही," असं म्हणून हात हलवून गेला. तसं म्हणाले नसते तर आजीकडे चहाला बोलावलं असतं का, याचा विचार मी परतीच्या सहा तासांत केला. चारदा गाडी बदलली, तरी विचार तुटला नाही.

तो फोटो मी पाठवला. तोच तर पहिला खरा फोटो होता. सरळ, स्पष्ट, माणसानं काढलेला.

पंधरा दिवसांनी मी फोन केला. आईनं "जेवलीस?" विचारलं नाही. तेव्हाच मी घाबरले.

"हा दुसरा कोण?" ती म्हणाली.

"कुठला दुसरा?"

"मिरान. तुझा भांग दिसतोय फोटोत. इतक्या महिन्यांत कधी तुझा भांग दिसला नव्हता. सुंचोनवाली म्हणते, सहा फुटांच्या वरचा आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यानं सोडलं तुला?" आईचा आवाज घसरला. "की तू सोडलंस? ठेंगणा म्हणून सोडलंस?"

"आई, असं काही नाही. तो रस्त्यातला एक माणूस—"

"म्हणजे तू आता रस्त्यातल्या माणसांकडून फोटो काढून घेतेस. म्हणजे एकटी आहेस." मग तिनं तोंड फिरवून कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं, "सरपंचांना म्हणावं, भोंग्यावर नका सांगू." आणि परत मला, "गिसोपला तिकीट काढायला सांगते."

माझी मोठी तोंडी परीक्षा जुलैत होती. तीन महिने राहिले होते. नापास झाले तरी चाललं असतं. परीक्षा न देता पिशवीसारखं परत जाणं मला जमलं नसतं.

"त्याला ताप होता," मी म्हणाले. "म्हणून तो आला नाही. मी एकटीच पुढं गेले."



"ताप? आणि त्याला तापात टाकून तू गाढवाबरोबर फोटो काढतेस?"

"तोच म्हणाला, जा म्हणून."

"तेवढं तो म्हणणारच. चांगला आहे तो." नाक ओढल्याचा आवाज. "काय खायला घातलंस?"

"तांदळाची पेज."

"तीळ घालून?"

"घालून."

"बरं. उठून बसला की फोटो पाठव. बघू. तोवर गिसोपला थांबवते."

पुढच्या रविवारी मी ट्रीअरला गेले. तिथं रोमन लोकांनी बांधलेलं काळं महाद्वार आहे. लोक लांबून येतात, वर बघतात. मी खाली बघत होते. नेहमीची उंची हवी होती. एक बोट इकडेतिकडे झालं तरी सुंचोनवालीला कळलं असतं. बाक बुटके निघाले, भिंत उंच. एका डब्याचं झाकण गोल होतं, कॅमेरा घरंगळायचा. नदीपर्यंत जाऊन आले. अख्खं शहर पालथं घातल्यावर महाद्वाराच्याच डाव्या हाताला मला तो सापडला. करडा, चपट्या झाकणाचा, कमरेच्या वर, खांद्याच्या खाली. मला इतकं बरं वाटलं, की मी दोन मिनिटं त्याच्याजवळ नुसतीच उभी राहिले.

झाकण रुमालानं पुसलं. कॅमेरा ठेवला. कळ दाबली आणि पळाले. वळून बघते तर तांबडा दिवा लुकलुकत होता, थोडा धापा टाकल्यासारखा. दहा सेकंद मोठे असतात.

"जेवलास का?" मी मोठ्यानं विचारलं. आमच्या भाषेत.

बाजूनं चाललेल्या एका आजीबाई थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढं गेल्या.

कॅमेऱ्यानं क्लिक केलं.

पंधरा दिवसांनी आईचा आवाज मऊ होता. "आला फोटो. उठला बाई एकदाचा."

"हो."

"पण बारीक झालाय."

"ते कसं कळलं?"

"फोटो जरासुद्धा वाकडा नाही. आजारातून उठलेला माणूस जपून उभा राहतो." मागे बायकांचा होकार ऐकू आला. "आणि तू कशी हसतेयस! असं हसताना मी तुला घर सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. काय म्हणाला तो तेव्हा?"

"काही नाही. मीच विचारलं, जेवलास का."

"शहाणी माझी," आई म्हणाली. गिसोपचं तिकीट निघालं नाही.

जुलैत मी पास झाले. त्या दिवशी मी दोघांपुरता भात लावला.

पुढं तीन वर्षं फिरले. हार्त्स, ड्रेस्डेन, बोडन तलाव. ठेंगण्याला चष्मा लागला, कारण एक फोटो अस्पष्ट आला. एकदा त्यानं मला फोटोत अर्धी कापली. तेव्हा आम्ही भांडलो होतो, असं गावानं ठरवलं आणि सरपंचांनी दोघांनी समजुतीनं घ्यावं असं भोंग्यावरून सुचवलं. हेनिंग पुन्हा कधी भेटला नाही. मीही कुणाच्या हाती कॅमेरा दिला नाही. फुकटचा संशय कशाला.

२०००च्या सप्टेंबरात मी शिक्षण संपवून परत आले. सेऊलच्या गिम्पो विमानतळावर दरवाजे उघडले. कठड्यापलीकडे आई उभी होती, ठेवणीतल्या कपड्यांत, केस नव्यानं कुरळे केलेले. तिनं माझा हात धरला आणि माझ्या मागे पाहिलं. जरा खालीच पाहिलं, सामानाच्या गाड्यांच्या उंचीवर. लोक बाहेर येत राहिले. शेवटची गाडी येऊन गेली, दरवाजे मिटले, तरी ती बघत होती.

"तो?" ती म्हणाली.

"तो तिथंच राहिला."

"बरं," आई म्हणाली.

गावाची बस पाच तासांची. आईनं पिशवीतून तीन पुड्या काढल्या. सुकं शेवाळ गुंडाळलेला भात. एक मला दिली, एक स्वतः घेतली, तिसरी परत ठेवली. लसणाची शेतं सुरू होईपर्यंत तिचं खाऊन झालं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे आता तो एकटाच जेवत असेल."

मी पुडीचा कागद चौकोनी दुमडला.

"चमचा तरी आहे ना त्याच्याजवळ?"

"आहे," मी म्हणाले.

बस आमच्या खडबडीत रस्त्याला लागली. मांडीवरच्या पिशवीत, कपड्यांच्या घड्यांत, पत्र्याची डबी होती. ती वाजू नये म्हणून मी पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.